सिंकखालची बादली: सामायिक जागेतली नळजोडणीची गळती

(व्याख्यानाचं शब्दांकन. प्रात्यक्षिकातला जो भाग नुसता वाचून कळणार नाही, तो इथे थोडा सविस्तर लिहिला आहे.)

आम्ही काही जण मिळून घरगुती दुरुस्तीचे छोटे वर्ग घेतो. आजचा विषय म्हणजे सिंकखालची गळती, आणि तीही घरातली नाही, तर अनेकांनी मिळून वापरायच्या जागेतली. सामायिक कार्यालय, कारखान्यातली पँट्री, कलाकारांचा स्टुडिओ, वाचनालय, यांपैकी काहीही धरा. घरात नळ गळायला लागला की दोन दिवसांत कोणीतरी वैतागून प्लंबरला बोलावतं. सामायिक जागेत त्याच गळतीखाली एक बादली येते, आणि ती बादली महिनोन्‌महिने तिथेच राहते. असं का होतं, तेही आज पाहू. पण आधी नळ.

पाणी कुठून कुठे जातं

आम्ही टेबलावर सगळे भाग ओळीने मांडलेत. गच्चीवरच्या टाकीतून पाइप खाली येतो. प्रत्येक मजल्यावर त्याची एक शाखा फुटते, आणि तिथे ती शाखा बंद करायचा एक कॉक असतो. पुढे पाइप भिंतीतून जातो आणि सिंकखाली भिंतीतून बाहेर तोंड काढतो. तिथे बसवलेला हा अँगल कॉक. त्याला जोडलेली ही लवचिक नळी, जिला दुकानात 'कनेक्शन पाइप' म्हणतात. नळीचं दुसरं टोक वरच्या नळाला. आजकाल मध्येच एक टी बसवून पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राकडेही एक फाटा नेलेला असतो.

हा झाला येणाऱ्या पाण्याचा भाग. जाणाऱ्या पाण्याचा भाग वेगळा. सिंकच्या तळाची जाळी, तिच्याखालचं वेस्ट कपलिंग, मग बॉटल ट्रॅप, मग सांडपाण्याचा पाइप.

हे दोन भाग वेगळे ओळखणं ही शोधाची पहिली पायरी. येणाऱ्या पाण्यावर चोवीस तास दाब असतो, त्यामुळे ती गळती कोणी नळ उघडो न उघडो, चालूच राहते. जाणाऱ्या पाण्यावर दाब नसतो, म्हणून ती गळती भांडी धुतल्यावरच होते. नुसतं 'सिंक गळतंय' म्हणू नका. कधी गळतंय, ते विचारा.

माहिती कोणाकडे असते

पुण्यात एका सामायिक कार्यालयात आम्हाला बोलावलं होतं. पहिल्या मजल्यावरची जागा, वेगवेगळ्या व्यवसायांतली माणसं. सिंकखालच्या कपाटाचं प्लायवूड तळाला फुगलेलं. कनेक्शन पाइप दोनदा बदलून झाला होता, तरी गळती होतीच. तिथल्या सदस्यांना विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. मग साफसफाई करणाऱ्या मावशींना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "सकाळी आल्यावर बादली काठोकाठ असते. दिवसभरात तेवढी भरत नाही."

या एका वाक्याने अर्धं काम झालं. रात्री सिंक कोणी वापरत नाही, म्हणजे गळती येणाऱ्या पाण्याची. आणि रात्री जास्त का? तर दिवसा इमारतीत ठिकठिकाणी नळ चालू असतात, त्यामुळे पाइपातला दाब थोडा उतरतो. रात्री सगळे नळ बंद झाले की टाकीच्या उंचीचा पूर्ण दाब प्रत्येक जोडावर येतो.

बादली मावशी उपसत होत्या, दिवसातून दोन-तीनदा. गळतीबद्दल सगळ्यांत जास्त माहिती त्यांना होती, पण प्लंबरला बोलावण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आणि ज्यांना अधिकार होता त्यांना बादली उचलावी लागत नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी त्यावर परत येऊ.

थेंब दिसतो तिथे सुटलेला नसतो

आता नेमकी जागा. पाणी धातूच्या अंगाला चिकटून खाली उतरतं आणि सगळ्यांत खालच्या बिंदूवरून टपकतं. कनेक्शन पाइपला खाली झोळ असतो, म्हणून थेंब बहुतेक वेळा त्या झोळावरून पडतो, आणि बिचाऱ्या पाइपवर आळ येतो.

शोधायची पद्धत साधी आहे. सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसा. मग टिश्यू पेपरचा किंवा वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा घेऊन वरून खाली एकेका जोडाला टेकवत या. कागद जिथे सगळ्यांत वर ओला होतो, तिथे पाणी सुटतंय. अर्ध्या तासाने पुन्हा करा. त्यानंतर सिंकचं भोक बंद करून सिंक भरा आणि पाणी एकदम सोडा. आता खालच्या ट्रॅपचे जोड तपासून होतील.

गळती किती आहे तेही मोजून ठेवा. खाली मोजपात्र ठेवून १० मिनिटं थांबा. समजा १०० मिली जमलं. म्हणजे तासाला ६०० मिली, दिवसाला १४ लिटरांहून जास्त, वर्षाला ५ हजार लिटरांच्या वर. कार्यालयातल्या माणसामागे रोज ४५ लिटर पाणी धरावं, असं भारतीय मानक सांगतं. त्या हिशोबाने दिसायला किरकोळ असलेली ही गळती एका माणसाच्या वाट्याचं जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पिते.

जोड दोन प्रकारचे

आजच्या व्याख्यानातलं एवढंच लक्षात राहिलं तरी आम्हाला पुरे आहे: पाण्याचा जोड दोन प्रकारांनी बंद होतो, आणि दोन्हींचं औषध वेगळं.

पहिला प्रकार आट्यांवर बंद होणारा. अँगल कॉक भिंतीतल्या पाइपात फिरवून बसवतो, तो असा. इथे पाणी अडवायचं काम आटेच करतात. पण आटा आणि आटा यांच्यामध्ये बारीक फट राहतेच, ती भरायला काहीतरी लागतं. जुने प्लंबर सुतळी आणि सफेदा लावत. आता टेफ्लॉन टेप लावतात. टेफ्लॉन हा पदार्थ १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला अनपेक्षितपणे सापडला; शीतकरणाच्या वायूवर काम करताना सिलिंडरमध्ये वायूऐवजी मेणचट पांढरी भुकटी निघाली. तो गोंद नव्हे, हे लक्षात घ्या. तो चिकटवत नाही, उलट फार गुळगुळीत असतो. आटे सहज आत सरकतात आणि उरलेली फट तो भरतो.

दुसरा प्रकार वॉशरवर बंद होणारा, ज्याला आपण बोलताना वायसर म्हणतो. कनेक्शन पाइपचा नट असा असतो. या नटात एक रबरी वायसर आहे, तो अँगल कॉकच्या सपाट तोंडावर दाबला जातो. इथे आट्यांचं काम फक्त दाबून धरण्याचं. पाणी अडतं ते वायसर आणि तोंड यांच्यामध्ये.

भारतीय मानकांतही या दोन प्रकारच्या आट्यांसाठी दोन वेगळी मानकं आहेत: आट्यांवर बंद होणाऱ्या जोडासाठी आयएस ५५४ आणि तसा नसलेल्या जोडासाठी आयएस २६४३. दोन्ही दिसायला अगदी सारखे. अर्ध्या इंची जोडाला दोन्हींत इंचाला १४ आटे, बाहेरचा व्यास सुमारे २१ मिमी. 'अर्धा इंच' हे माप पाइपाच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं नाव आहे. आटे मोजायला गेलात तर अर्धा इंच कुठेच सापडणार नाही.

आता त्या कार्यालयात काय झालं होतं, ते कळेल. कनेक्शन पाइपचा नट गळत होता म्हणून कोणीतरी अँगल कॉकच्या आट्यांवर भरपूर टेफ्लॉन गुंडाळलं होतं. वर नटात एकाऐवजी दोन वायसर घातले होते. टेपच्या जाडीमुळे नट पुरता आत जात नव्हता, आणि दोन वायसर एकमेकांवर सरकत होते. जितकं जास्त सामान घातलं, तितका जोड सैल झाला. आम्ही टेप काढली. कॉकच्या तोंडावर क्षारांचा पांढरा थर बसला होता, तो लिंबाच्या फोडीने आणि जुन्या टूथब्रशने साफ केला. एक नवा वायसर घातला. गळती थांबली. वायसरची किंमत कपभर चहापेक्षाही कमी होती.

जोर किती लावायचा

लोक विचारतात, अजून आवळू का? थोडा हिशोब करू. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब. १५ मिमी व्यासाच्या पोकळीचं क्षेत्रफळ पावणेदोन चौरस सेंटिमीटर. म्हणजे टाकी १० मीटर वर असेल तर पाणी त्या जोडाला फक्त पावणेदोन किलोने ढकलतंय. भाजीची पिशवी याहून जड असते. जोड काही पाण्याच्या ताकदीने उघडत नाही. ओरखडा, क्षार, कडक झालेलं रबर, यांच्यातून पाणी वाट काढतं. म्हणून गळणाऱ्या जोडावर नुसता जोर वाढवून उपयोग होत नाही. वायसर चुरगळतो, प्लास्टिकचा नट तडकतो, पितळी आटा मरतो.

वायसरचा जोड हाताने घट्ट होईल तेवढा फिरवायचा, मग पान्याने पाव फेरा. बस्स.

आणि पाने दोन लागतात. एका पान्याने अँगल कॉक धरून ठेवायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने काम केलं तर नटाबरोबर कॉकही किंचित फिरतो, आणि भिंतीतला जोड हलतो. मग बाहेरची गळती थांबते आणि भिंतीच्या आत नवी सुरू होते. ती खालच्या मजल्याच्या छतावर ओल उमटेपर्यंत कळत नाही.

प्रत्यक्ष काम

आता क्रमाने सांगतो.

१. आधी वीज. सामायिक जागेत सिंकखालच्या कपाटात हमखास एक एक्स्टेंशन बोर्ड असतो, पाण्याच्या यंत्रासाठी. बोर्ड ओला झाला असेल तर त्याला हात लावू नका. मुख्य फलकावरून ती लाइन बंद करा. वीज बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय कपाटात हात घालायचा नाही.

२. सिंकवर 'काम चालू आहे, नळ उघडू नये' अशी पाटी लावा. घरात ओरडून सांगता येतं. इथे तुमचं डोकं कपाटात असताना कोणीतरी कप धुवायला येतं.

३. अँगल कॉक बंद करा. तो पुरता बंद होत नसेल किंवा तोच काढायचा असेल, तर मजल्याच्या शाखेचा कॉक बंद करा. वर्षानुवर्षं न फिरवलेल्या जुन्या कॉकवर ताकद लावू नका, दांडा तुटतो. मग सिंकचा नळ उघडून उरलेलं पाणी आणि दाब जाऊ द्या.

४. दोन पान्यांनी नट काढा. वायसर पाहा: कडक झालाय का, कडेला चीर आहे का, दाबाचा खोल वळ पडलाय का. यांपैकी काहीही असेल तर बदला. कॉकच्या तोंडावर बोट फिरवा. खडबडीत लागलं तर साफ करा. मग नवा वायसर घालून नट लावा.

५. गळती अँगल कॉकच्या मुठीच्या बुडातून असेल तर तिथला छोटा नट अगदी थोडा आवळून पाहा. नाही थांबली तर आतला स्पिंडल बदला. तो सुटा मिळतो. जुना नमुना घेऊन दुकानात जा.

६. अँगल कॉक भिंतीपाशी गळत असेल तर तो पूर्ण काढून आटे स्वच्छ करून नव्याने टेप लावायची. कॉकचं आट्यांचं टोक आपल्याकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे फिरवताना टेप सुटत नाही. बाजारातली पातळ टेप असेल तर ८ ते १० वेढे. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर टेपचा तुकडा पाण्याबरोबर जाऊन नळात अडकतो. बसवताना कॉकचं तोंड सरळ करण्यासाठी मागे फिरवू नका. मागे फिरवलं की टेप फाटते. मग काढून पुन्हा गुंडाळायची.

७. कॉक हळू उघडा. कागदाची चाचणी लगेच, तासाभराने आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अशी तीनदा करा. रात्रीचा दाब झेलल्याशिवाय दुरुस्ती झाली असं समजू नये.

बॉटल ट्रॅपचे प्लास्टिक नट मात्र हातानेच लावायचे. पाना लावला की आटे चिरतात. आणि भिंतीचा पापुद्रा सुटलेला दिसला, टाइलच्या सांध्यातून ओल आली, तर तिथे थांबा आणि प्लंबरला बोलवा.

कपाटातल्या बाटल्या

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कनेक्शन पाइपची बाहेरची चकचकीत जाळी स्टीलची असते, आत रबराची नळी. दाब सहन करते ती जाळी. त्याच कपाटात आपण संडास साफ करायच्या आम्लाच्या बाटल्या ठेवतो. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. बंद कपाटात त्याची वाफ साठते, आणि स्टीललाही बारीक खड्डे पडून ते गंजतं. जाळीवर तांबूस ठिपके दिसले किंवा एखादी तार सुटलेली दिसली तर पाइप बदला. वर टेप गुंडाळू नका. आणि बाटल्या दुसरीकडे हलवा.

कारण असा पाइप ठिबकत नाही, एकदम फुटतो. मिनिटाला १० लिटर पाणी धरा. शनिवारी संध्याकाळी ७ ला कुलूप लावलं, सोमवारी सकाळी ९ ला उघडलं, तर मधले तास ३८. हिशोबाने २२ हजार लिटरांच्या वर. तेवढं पाणी अर्थातच येणार नाही, कारण त्याआधी टाकी रिकामी होईल, आणि ती टाकी अख्ख्या इमारतीची असते. म्हणून सुट्टीआधी शेवटी निघणाऱ्याने दिव्यांबरोबर शाखेचा कॉकही बंद करावा.

पाणीपाळी

आता बादलीकडे येऊ. बादली ही गळतीपेक्षा धोकादायक, असं आम्ही म्हणतो. ती ठेवली की जमीन कोरडी राहते आणि प्रत्येकाला वाटतं, कोणीतरी लक्ष घातलंय. काम मात्र कोणाकडेच नसतं. उपसण्याचं तेवढं एका बाईच्या गळ्यात पडतं.

सामायिक पाणी सांभाळायची रीत आपल्याकडे जुनी आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधारा आणि कालवा सगळ्यांचा, देखभाल सगळ्यांनी मिळून करायची. पण शेताला पाणी द्यायचं काम पाटकऱ्याकडे नेमून दिलेलं. 'सगळ्यांचं पाणी' म्हणून ते कोणावरच सोडलेलं नव्हतं. अशा सामायिक व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना आढळलेल्या खुणांपैकी एक अशी की, नियमांचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना नियम ठरवण्यातही जागा असते.

त्या कार्यालयाला आम्ही सुचवलं आणि त्यांनी केलं ते असं. दर महिन्याला एका सदस्याची पाणीपाळी. त्याने महिन्यातून एकदा कागदाची चाचणी करायची आणि दोन्ही कॉक एकदा फिरवून पाहायचे, म्हणजे ते जाम होत नाहीत. कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड: शाखेचा कॉक कुठे आहे, शेवटची दुरुस्ती कधी झाली, प्लंबरचा नंबर काय. शेजारी डब्यात चार वायसर, टेप, एक जादा कनेक्शन पाइप आणि दोन पाने. आणि गळती दिसल्यावर प्लंबरला थेट फोन करायचा अधिकार मावशींनाही; एका मर्यादेपर्यंतच्या खर्चाला कोणाची परवानगी लागणार नाही. बादली ठेवायची वेळ आलीच, तर तिच्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची. तारीख तीन दिवसांहून जुनी दिसली की ज्याची पाळी, त्याला जाब विचारायचा.

प्रश्नोत्तरं

*वरून पुटी लावली तर चालेल का?*

गळत्या ओल्या जोडावर ती नीट धरत नाही. आणि धरली, तर पुढच्या वेळी नट उघडत नाही. वीस मिनिटांच्या कामासाठी मग अख्खा कॉक कापावा लागतो.

*सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून घालतात, ते?*

एक रात्र निभावायला हरकत नाही. पण ते रबर पातळ आणि मऊ असतं, लवकर चेपतं. दुसऱ्या दिवशी योग्य मापाचा घाला.

*जागा भाड्याची असेल तर खर्च कोणाचा?*

आधी तुमचा करार पाहा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये भाडेव्यवहारांसाठी एक आदर्श कायदा मंजूर केला. तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, पण त्यातली वाटणी पटण्यासारखी आहे: नळ आणि वायसर बदलणं भाडेकरूकडे, पाइप बदलणं मालकाकडे. नवा करार करताना अशी एक ओळ घालून घ्या.

वेळ संपली. टेबलावर सहा जोड मांडलेत, त्यांतले तीन गळतात. कागदाचे तुकडे शेजारी ठेवलेत. जाण्याआधी प्रत्येकाने एकदा शोधून पाहा.